पदव्युत्तर शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती : कोकणातल्या मुलामुलींनी सुरुवात कुठून करायची

‘एम.एस्सी.ला ॲडमिशन झाली, आता कुठली स्कॉलरशिप भरू?’ दर जुलै-ऑगस्टात महाडपासून सावंतवाडीपर्यंतची मुलं हा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण त्याचा क्रम उलटा आहे. ज्या शिष्यवृत्त्यांतून महिन्याचा खर्च खरोखर निघतो, त्यातल्या बहुतेक प्रवेशानंतर मागायच्या नसतात. प्रवेश ज्या परीक्षेतून झाला, तिलाच त्या बांधलेल्या असतात. ती परीक्षा दिली नसेल तर नंतर कितीही फॉर्म भरा, हाती लागतं ते फीमाफीचं किंवा किरकोळ काही.

म्हणून हा लेख पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांसाठी आहे. दुसऱ्या वर्षाला असाल तर फारच उत्तम.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. सरकार हे पैसे गरीब-होतकरू म्हणून देत नाही. उत्पन्न बघून मदत करणाऱ्या योजना वेगळ्या आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊ. इथे ज्यांच्याबद्दल बोलतोय त्या योजना मनुष्यबळ कमी पडतं म्हणून आहेत. अभियांत्रिकीत पदवी झाली की मुलं नोकरीला पळतात, मग शिकवणार कोण आणि संशोधन करणार कोण? म्हणून एम.टेक.ला महिना स्टायपेंड, आणि त्याच्या बदल्यात आठवड्याला आठ तास शिकवण्याचं किंवा प्रयोगशाळेचं काम. कृषी आणि मत्स्य शाखेत मुलं आपलं राज्य सोडत नाहीत, म्हणून राज्याबाहेर जाणाऱ्याला वेगळी शिष्यवृत्ती. पैसे कशासाठी दिले जातात हे कळलं की अटीही आपोआप कळतात.

पहिली पायरी : कुठल्या दारातून जायचं ते ठरवा

दारं मुख्यतः तीन आहेत, आणि एक आडवाट.

पहिलं दार गेटचं, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशासाठी देशपातळीवर होणाऱ्या परीक्षेचं. पदवीच्या तिसऱ्या किंवा त्यापुढच्या वर्षाला असताना ही परीक्षा देता येते, आणि गुण तीन वर्षं चालतात. चालू गेट स्कोअरवर एम.टेक.ला पूर्णवेळ प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये, जास्तीत जास्त २४ महिने. आयआयटी-एनआयटीत ते केंद्राकडून येतात, बाकीच्या मान्यताप्राप्त संस्थांत एआयसीटीईकडून, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेकडून. औषधनिर्माणशास्त्राच्या मुलांना हेच जीपॅट या त्यांच्या परीक्षेवर एम.फार्म.साठी मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न किती याचा इथे संबंध नाही, ही गोष्ट पुष्कळ पालकांना माहीतच नसते. ‘आमचा पगार जास्त, आम्हाला काय मिळणार’ म्हणून ते गप्प बसतात.

गेट म्हणजे फक्त मेकॅनिकल-सिव्हिल नव्हे. पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा पेपर २०२१ पासून आहे, जिओमॅटिक्स आणि नौका-वास्तुशास्त्र व सागरी अभियांत्रिकी हे पेपर २०२२ पासून, डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा २०२४ पासून. समुद्र दारात असूनही जहाजबांधणी किंवा सागरी बांधकामात पुढे शिकणारा आपल्याकडचा मुलगा विरळा. खरगपूर आणि मद्रासच्या आयआयटी, कोचीचं कुसाट विद्यापीठ, इथे हे शिकवलं जातं. बी.एस्सी.वाल्यांनी मात्र एक ध्यानात ठेवायचं : तीन वर्षांच्या पदवीवर एम.टेक. सहसा मिळत नाही. एम.एस्सी. करता करता गेट द्या आणि मग एम.टेक.कडे वळा.

दुसरं दार कृषी आणि मत्स्य शाखेचं, आणि कोकणासाठी मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं, त्याचं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ चं. तिथून बी.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी, झालेली मुलं बहुधा तिथेच एम.एफ.एस्सी. करायचं धरून चालतात. शिक्षण चांगलं मिळतं, घर जवळ राहतं, सगळं खरं. पण भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएआरची, पदव्युत्तर प्रवेश परीक्षा दिलीत तर दोन वेगळ्या गोष्टी उघडतात.

एक, आयसीएआरची पदव्युत्तर शिष्यवृत्ती. पूर्वी हिला जेआरएफ म्हणत, अजूनही जुने प्राध्यापक तेच म्हणतात. महिना १२,६४० रुपये आणि वर्षाला ६,००० आकस्मिक खर्चासाठी. ती गुणवत्ता यादीतल्या वरच्या मुलांना मिळते, जागा मोजक्या. दुसरी, राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती : पदव्युत्तरला महिना ५,००० रुपये. हिची मेख अशी की आयसीएआरच्या परीक्षेतून, आणि आपल्या अधिवासाच्या राज्याबाहेर प्रवेश घेतला तरच ती मिळते. म्हणजे रत्नागिरीच्या मुलीने परीक्षा देऊन शिरगावचीच जागा घेतली तर ही शिष्यवृत्ती नाही. तिने मंगळुरू घेतलं तर आहे.

आणि मंगळुरू म्हणजे काही परमुलूख नव्हे. तिथलं मत्स्य महाविद्यालय १९६९ चं, देशातलं पहिलं. कोकण रेल्वेत बसायचं आणि त्याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला उतरायचं. बाजारात बांगडा-तारलीच दिसणार. कोचीचं केरळ मत्स्य विद्यापीठही याच वाटेवर. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ पासून. तिच्या एम.एफ.एस्सी.च्या जागा आयसीएआरच्या परीक्षेतूनच भरतात. वर्सोवा आपल्या राज्यात असल्यामुळे अधिवासाची अट तिथे आडवी येते, पण मत्स्य संशोधनात जायचं असेल तर या संस्थेचं वजन वेगळं आहे. माझं मत विचाराल तर महिना पाच हजारांसाठी वर्सोवा सोडू नका.

या शाखेत कोणत्या पदवीवर कोणता विषय घेता येतो, याचं कोष्टक माहितीपुस्तिकेत असतं. प्राणीशास्त्राच्या बी.एस्सी.वाल्यांनी ते आधी वाचावं, कारण मत्स्य शाखेतल्या पुष्कळ विषयांना बी.एफ.एस्सी.च लागते.

तिसरं दार जैवतंत्रज्ञानाचं. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणाऱ्या अभ्यासक्रमांना गॅट-बी या परीक्षेतून प्रवेश होतो. एम.एस्सी.ला महिना ५,०००, कृषी जैवतंत्रज्ञानाला ७,५००, एम.टेक. आणि एम.व्ही.एस्सी.ला १२,००० रुपये. आपल्याला सगळ्यात जवळचं म्हणजे गोवा विद्यापीठाची सागरी जैवतंत्रज्ञानाची एम.एस्सी. सिंधुदुर्गातल्या मुलाला ताळगाव पठार मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. तिथून हाकेच्या अंतरावर दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, त्यामुळे प्रकल्पासाठी कुणाकडे जायचं हा प्रश्नही निम्मा सुटतो.

आडवाट म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची पदव्युत्तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती. सुरुवातीला म्हटलं त्याला हा अपवाद : हिला परीक्षा नाही, पदवीच्या गुणांवर निवड होते आणि अर्ज प्रवेशानंतर, पहिल्या वर्षाला असताना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा. महिना १५,००० रुपये, वर्षातले दहा महिने. देशभरात १०,००० जागा, त्यातल्या ३० टक्के मुलींसाठी. वयाची मर्यादा ३० वर्षं. दूरस्थ शिक्षणाला लागू नाही. पदवीला चांगले गुण असतील तर भरायचीच, पण तिच्या भरवशावर खोली भाड्याने घेऊ नका.

(‘इन्स्पायर’बद्दल पुष्कळ जण विचारतात. वर्षाला ८०,००० रुपयांची ती योजना मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांसाठी आहे आणि बारावीनंतर लगेच घ्यावी लागते. तुमची वेळ गेली, धाकट्या भावंडाला सांगून ठेवा.)

दुसरी पायरी : कागद, आणि तेही उन्हाळ्यात

खरी धावपळ इथे होते. जून उजाडला की सेतू केंद्रावर रांग, सर्व्हर बंद, वीज गेलेली. तलाठ्याकडे तीन-चार सजे, तो कुठे सापडेल याचा नेम नाही. म्हणून एप्रिल-मे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे उत्पन्नाचा नवा दाखला एप्रिलपासून मिळू शकतो. सेवा हमी कायदा २०१५ पासून आहे. अर्जाची पावती घ्या, ती असली की मुदतीबद्दल विचारता येतं.

वडील मुंबईत, आई गावी, रेशनकार्ड कुर्ल्याचं आणि जमीन राजापूरची, अशी आपल्याकडची निम्मी घरं. उत्पन्नाचा दाखला एकाच ठिकाणाहून काढा आणि अर्जात पत्ताही तोच ठेवा. वडील नोकरीला असतील तर फॉर्म १६ मागवून घ्या. दोन तहसीलदारांचे दोन वेगवेगळ्या आकड्यांचे दाखले फाइलमध्ये असण्यासारखी घातक गोष्ट नाही.

जातीच्या दाखल्याचं दोन भागांत समजून घ्या. केंद्राच्या योजनेला ओबीसींनी केंद्राच्या नमुन्यातला दाखला द्यायचा, राज्याचा चालत नाही. तो नॉन-क्रीमीलेयरसह आणि ताजा लागतो. गेट स्टायपेंडला एक वर्षाच्या आतला. राज्याच्या योजनांना आणि राज्यातल्या राखीव जागेवरच्या प्रवेशाला शिवाय जात वैधता. वैधतेसाठी पुरावे जुने लागतात : अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आजोबा ज्या गावच्या शाळेत गेले तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा हा सगळ्यात सरळ पुरावा. शाळा बंद पडली असेल, आणि आता कित्येक पडल्यात, तर दप्तर कुठल्या शाळेत किंवा पंचायत समितीत गेलं ते केंद्रप्रमुखांना विचारा. मुंबईतल्या काकांकडे बहुतेक वेळा जुना दाखला सापडतो. चुलत भावाला आधीच वैधता मिळाली असेल तर त्याच्या प्रमाणपत्राची प्रत आणि वंशावळ जोडा, काम बरंच हलकं होतं.

आडनावाचा घोळ हा खास आपला. गावात एक आडनाव, मुंबईला गेल्यावर गावाच्या नावावरून दुसरं. आजोबांच्या कागदावर एक, वडिलांच्या कागदावर दुसरं, आणि तुमच्या आधारवर तिसरंच काहीतरी. दहावीचं प्रमाणपत्र मूळ धरा आणि आधार, पॅन, बँक, सगळं त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा घाईत चुकीची दुरुस्ती करून संधी फुकट घालवू नका. आडनाव मुळातच बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी द्या.

तिसरी पायरी : तारखा

गेटचे अर्ज साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चालतात. म्हणजे नेमके गणपतीच्या आगेमागे. ‘गणपती जावंदेत, मगे बघूया’ हे वाक्य घरोघर ऐकू येतं, आणि विसर्जन होऊन चाकरमानी परतले की मुदत संपायला आलेली असते किंवा विलंब शुल्क लागू झालेलं असतं. पाट आणायच्या आधी फॉर्म भरून मोकळे व्हा. फोटो, सही, ओळखपत्र एवढंच लागतं, बाकी कागद नंतर.

गेट फेब्रुवारीत, निकाल मार्चच्या सुमारास. गॅट-बी साधारण एप्रिल-मेमध्ये, आयसीएआरची परीक्षा त्याच्या पुढेमागे, जून-जुलैकडे. तारखा दरवर्षी सरकतात, तेव्हा त्या त्या परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावरचं माहितीपत्रक उतरवून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणारं चित्र पुरावा नव्हे. परीक्षा केंद्र निवडताना जवळचं शहर पहिलं टाका, पण कोल्हापूर, पणजी किंवा मुंबई मिळू शकतं असं गृहीत धरा. सकाळच्या सत्राचा पेपर असला तर आदल्या दिवशीच मुक्कामी पोचा. पहाटेच्या एसटीवर घाट चढून वेळेत पोहोचण्याचा जुगार खेळू नये.

चौथी पायरी : प्रवेश घेण्याआधी कॉलेजला विचारायचे प्रश्न

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. गेट स्टायपेंड तुम्हाला मिळतं, पण पोर्टलवर तुमचा क्रमांक संस्था तयार करते, कागद संस्था तपासते आणि दर महिन्याची हजेरीही संस्थाच पाठवते. संस्थेतला माणूस ढिला असला की तुमचे पैसे अडकलेच. म्हणून फी भरण्याआधी कार्यालयात जाऊन विचारा. हा अभ्यासक्रम यंदा एआयसीटीई-मान्य आहे का? कॉलेज मान्य आहे एवढ्यावर समाधान मानू नका, अभ्यासक्रमाचं विचारा. मागच्या वर्षी किती मुलांना स्टायपेंड मिळालं? नोडल अधिकारी, म्हणजे हे काम बघणारा माणूस, कोण? मग दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि शेवटचा हप्ता कधी आला ते विचारा. कार्यालय तुम्हाला नियम सांगेल, तो मुलगा काय घडतं ते सांगेल.

लोणेऱ्यासारख्या विद्यापीठात जा किंवा पुण्यातल्या खासगी कॉलेजात, प्रश्न तेच. उत्तर देताना कुणी ‘आधी ॲडमिशन घ्या, मग बघू’ म्हणालं, तर दुसरं कॉलेज बघा.

आणखी एक. अर्धवेळ अभ्यासक्रमाला हे पैसे नाहीत. शिवाय स्टायपेंड चालू असताना दुसरीकडून पगार किंवा दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. फीमाफी आणि स्टायपेंड एकत्र चालतं का, हे योजनेगणिक बदलतं. संस्थेकडून लेखी उत्तर घ्या, तोंडी नको.

पाचवी पायरी : बँकेचं खातं

आधार खात्याला जोडलेलं असणं आणि खातं थेट लाभ हस्तांतरासाठी नोंदवलेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी पैसे राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या नोंदीत जी बँक शेवटची नोंदली गेली, तिकडे जातात. कधी काळी कुणी शिबिरात पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं, ते तुम्ही विसरलेले असता आणि स्टायपेंड बरोबर तिकडे जातं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधारशी कुठली बँक नोंदली आहे त्याची, स्थिती दिसते, दोन मिनिटांचं काम आहे. हवी ती बँक नसेल तर त्या शाखेत जाऊन संमतीचा फॉर्म द्या.

एआयसीटीईला साधं बचत खातं लागतं : स्वतःच्या एकट्याच्या नावावरचं, व्यवहाराची मर्यादा नसलेलं. जनधन, संयुक्त किंवा अज्ञान असताना उघडलेलं खातं चालत नाही. लहानपणी वडिलांबरोबर जिल्हा बँकेत उघडलेलं खातं पुढे करू नका.

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आधी एकदाच करायची नोंदणी असते, मोबाइलवर चेहरा दाखवून. घरी रेंज नसेल तर तालुक्याला जाऊन करा. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, तेवढं आधी बघा. मुंबईतल्या भावाचा क्रमांक जोडलेला असला की ओटीपीसाठी त्याला फोन करत बसावं लागतं, आणि तो नेमका लोकलमध्ये असतो.

उत्पन्नावरच्या योजना आणि परदेश, थोडक्यात

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर राज्याच्या योजना आहेत. अनुसूचित जातींच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, त्यावर असाल तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी, बघा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला मर्यादा आठ लाख. आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची पूर्ण माफी देण्याचा निर्णय जुलै २०२४ चा आहे. तुमचा पदव्युत्तर अभ्यासक्रम त्या यादीत आहे का ते कॉलेजकडून पक्कं करा.

परदेशी जायचं असेल तर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागा. मराठा समाजातल्यांसाठी सारथी या राज्याच्या संस्थेची, तिथेही ७५. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जणांना, उत्पन्न आठ लाखांपर्यंत आणि वय ३५ पर्यंत. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग कुठल्याही जातीच्या-उत्पन्नाच्या माणसाला खुली, पण २,८०० तासांचा कामाचा अनुभव हवा आणि शिकून दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. म्हणजे ती ताज्या पदवीधरांसाठी नाहीच.

सहावी पायरी : पैसे येईपर्यंत आणि आल्यावर

पहिला हप्ता उशिरा येतो, हे धरून चाला. ऑगस्टात प्रवेश, मग पडताळणी, मग मंजुरी. तोवर मेस, खोली, अनामत, सगळं खिशातून. निदान एका सत्राचा खर्च हाताशी असू द्या. नाहीतर शैक्षणिक कर्जाची चौकशी आधी करा. २०२४ च्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतल्या मुलांना तारणाशिवाय कर्ज मिळतं, आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत. आंब्याच्या पैशावर भिस्त ठेवणाऱ्या घरांनी हे गांभीर्याने घ्यावं. हापूसचा हिशेब मे-जूनमध्ये होतो, कॉलेजची फी त्याची वाट बघत नाही, आणि ज्या वर्षी मोहोर गळतो त्या वर्षी तर हिशेबच होत नाही.

पैसे सुरू झाले की ते आपोआप चालू राहतात असंही नाही. हजेरी भरावी लागते. गेट स्टायपेंडवरच्या विद्यार्थ्याला वर्षाला १५ दिवस किरकोळ रजा, त्यापलीकडे गैरहजर राहिलात तर पैसे कापले जातात. शिमगा, गणपती, बहिणीचं लग्न, भातलावणी, सगळं त्या पंधरा दिवसांत बसवायचं. पोर्टलवरच्या योजनांना दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि गुणांची अटही असते. मधेच नोकरी लागली म्हणून अभ्यासक्रम सोडला तर काही योजनांत घेतलेली रक्कम परत करावी लागते. मंजुरीच्या पत्रातलं ते कलम सही करण्याआधी वाचा, आणि त्या पत्राची एक प्रत घरी, आईच्या कपाटात ठेवा. हॉस्टेलच्या खोलीत कागद टिकत नाहीत.